राजपत्रातला नियम आणि अंगणातले पिंप

(कोल्हापूर येथे उद्योजक व नागरिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कोल्हापुरातल्या कोणत्याही पेठेतून वा उपनगरातून सकाळी फेरफटका मारला, तर दर चार-दोन घरांआड एक निळे प्लास्टिकचे पिंप हमखास दिसते. कुठे मोरीत, कुठे गच्चीवर, कुठे अंगणातल्या तुळशीवृंदावनाशेजारी. नळाला पाणी येण्याची वेळ ठरलेली असते, तेव्हा साठवणीला पिंप हवेच. ते बहुधा भंगारवाल्याकडून घेतलेले असते. त्यावरची चिठ्ठी खरवडून काढलेली असते. पूर्वी त्यात काय भरले होते, हे घेणाऱ्याने विचारलेले नसते आणि विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. घरातली माउली ते सोड्याने दोन-तीन वेळा धुते, उन्हात वाळवते आणि मग त्यातले पाणी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते.

या पिंपाला आपल्या देशाच्या कायद्यात नाव आहे. घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे, डबे आणि त्यांची अस्तरे हा स्वतःच घातक कचरा होय, असे केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत लिहिलेले आहे. अशी पिंपे परवाना असलेल्या व्यक्तीखेरीज कोणाच्या हाती जाऊ नयेत, असा दंडक आहे. मग ते पिंप अंगणात आले कसे? आजच्या विषयाचे मर्म या एका प्रश्नात आहे. दिल्लीच्या राजपत्रात उतरलेला नियम मुंबईच्या मंत्रालयातून शिरोलीच्या कारखान्यापर्यंत, तिथून भंगाराच्या दुकानापर्यंत आणि शेवटी घराच्या उंबरठ्यापर्यंत येताना वाटेत कुठे अडतो, हे पाहावयाचे आहे.

अनेकांचा असा समज असतो की, केंद्राने नियम केला की राज्याने तो स्वीकारावा लागतो आणि राज्य सरकार तो स्वीकारीत नाही म्हणून अंमलबजावणी रखडते. काही कायद्यांच्या बाबतीत हे खरेही आहे, आणि त्याचा दाखला महाराष्ट्राच्याच इतिहासात सापडतो. पाणी हा राज्यांचा विषय. महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्यासाठी १९६९ साली स्वतःचा कायदा केला आणि त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. म्हणजे या बाबतीत आपले राज्य केंद्राच्या पुढे होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. पुढे १९७४ मध्ये संसदेने जल अधिनियम केला. तो राज्यघटनेच्या २५२ व्या कलमाखालचा असल्यामुळे ज्या राज्यांनी तसा ठराव केला, त्यांनाच लागू होणारा होता. महाराष्ट्राने तो १ जून १९८१ रोजी स्वीकारला. मध्ये सात वर्षे गेली.

घातक कचऱ्याच्या नियमांचे तसे नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जे घडले, त्याने देशाचे डोळे उघडले. त्यानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियम आला. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतील निर्णयांची अंमलबजावणी करण्यासाठी म्हणून तो करण्यात आला आणि त्यास घटनेच्या २५३ व्या कलमाचा आधार घेतला गेला. आंतरराष्ट्रीय करार वा परिषदेतील निर्णय पाळण्यासाठी संसदेला साऱ्या देशासाठी कायदा करता येतो, मग विषय राज्यांचा का असेना. म्हणून या अधिनियमाखाली केंद्राने अधिसूचना काढली की ती काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत लागू होते. कोणत्याही विधानसभेच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही. शासनाने नियम स्वीकारलेला नाही, ही सबब इथे चालत नाही.

अमेरिकेत नेमके उलटे आहे. तिथे घातक कचऱ्याचा संघराज्यीय कायदा १९७६ चा. बहुतेक राज्यांना तो आपापल्या यंत्रणेमार्फत राबविण्याचा अधिकार दिलेला आहे. आयोवा आणि अलास्का ही त्याला अपवाद. वॉशिंग्टनने नियमांत सुधारणा केली की अशा प्रत्येक राज्याला आपले नियम पुन्हा लिहून ती सुधारणा अंगीकारावी लागते. २०१६ च्या अखेरीस कचरा निर्माण करणाऱ्या कारखान्यांविषयी तिथे मोठी सुधारणा झाली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे एकेक राज्य ती आपल्या पुस्तकात उतरवून घेत राहिले. पद्धत वेळखाऊ खरी. पण तिचा एक गुण नाकारता येत नाही. नियम स्वीकारताना राज्याला तो वाचावा लागतो, आपल्या कारखान्यांना तो कसा लागू पडेल याचा विचार करावा लागतो, लोकांची मते ऐकावी लागतात. आपल्याकडे नियम आपोआप लागू होतो, आणि आपोआप मिळालेली वस्तू फडताळात तशीच पडून राहण्याचा संभव अधिक असतो.

आता आपल्या नियमांचा प्रवास थोडक्यात पाहू. पहिले नियम २८ जुलै १९८९ चे. त्यांत कचऱ्याचे अठरा वर्ग होते आणि वर्षाकाठी किती प्रमाणापुढे नियम लागू व्हावा याच्या मर्यादा होत्या. २००० साली रचना बदलली. कचऱ्याच्या वर्गाऐवजी कारखान्यातील प्रक्रियेवरून यादी तयार झाली. मुलामा देता, रंग तयार करता, तेलाचे शुद्धीकरण करता, तर त्यातून निघणारे अमुक अवशेष घातक, अशी ती मांडणी. २००३ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली, २००८ मध्ये संपूर्ण नवे नियम आले आणि ४ एप्रिल २०१६ रोजी आज लागू असलेले नियम प्रसिद्ध झाले. त्यांतही दुरुस्त्या चालूच आहेत. २०१९ मध्ये प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीवर बंदी घातली गेली. वापरलेल्या वंगणतेलाची जबाबदारी ते तेल बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर टाकणारी दुरुस्ती २०२३ मध्ये झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. २०२५ मध्ये अॅल्युमिनियम, तांबे, जस्त यांच्या भंगारासाठीही त्याच धर्तीची दुरुस्ती आली.

परदेशातून आपल्या दारात येऊन पडणारा कचरा हा या इतिहासातला एक संतापजनक अध्याय आहे. एका देशाचा घातक कचरा दुसऱ्या देशात पाठविण्यावर निर्बंध घालणारा बासेल करार १९८९ चा. भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला. तरीही वंगणतेल म्हणून आयात केलेले टाकाऊ तेल न्हावा-शेवा बंदरात येऊन पडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात चालले आणि जानेवारी २००५ मध्ये न्यायालयाने १३३ कंटेनरांतले ते तेल आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला. परक्याचा कचरा म्हणून त्या वेळी सर्वत्र रोष प्रकट झाला, आणि तो रास्तच होता. मात्र शिरोली, गोकुळ शिरगाव वा कागलच्या कार्यशाळांतून निघणाऱ्या जळक्या तेलाविषयी तसा रोष कोणाच्या मनात उमटत नाही. ते तेल दर महिन्याला कोणीतरी डबा घेऊन येतो आणि रोख पैसे देऊन घेऊन जातो. पुढे ते सेंट्रिंगच्या फळ्यांना लागते, कुठे भट्टीत जळते. जळताना त्यातली जड मूलद्रव्ये हवेत जातात. ती स्वदेशी असली म्हणून फुप्फुसाला कमी अपायकारक ठरत नाहीत.

कोल्हापूरचे उद्योगविश्व कोणा परदेशी भांडवलदाराने उभारलेले नाही. शाहू महाराजांनी ज्या उद्यमशीलतेला हात दिला, ती पुढे म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कल्पक कारागिरांच्या हातांतून बहरली. ऊस गाळण्याचे चरक, शेतीची ऑइल इंजिने, मग मोटारींचे सुटे भाग. शिवाजी उद्यमनगरातल्या दहा बाय वीसच्या गाळ्यात लेथ मांडून ज्यांनी सुरुवात केली, त्यांची मुले-नातवंडे आज जगभर माल पाठवतात. जिल्ह्यात सुमारे तीनशे फौंड्र्या आहेत. ही सारी शक्ती मुख्यतः लहान आणि मध्यम उद्योगांची आहे, आणि नेमकी हीच गोष्ट घातक कचऱ्याच्या बाबतीत अडचणीची ठरते.

फौंड्रीची काळी वाळू सर्वांना दिसते. शिरोली-गोकुळ शिरगावच्या रस्त्याकडेला तिचे ढीग वर्षानुवर्षे पाहण्यात आहेत. ही वाळू सरसकट घातक आहे असे मात्र समजू नये. बेन्टोनाइट माती आणि कोळशाची पूड मिसळलेली साच्याची वाळू वेगळी आणि फिनॉलयुक्त रेझिनने बांधलेली कोअरची वाळू वेगळी. कोणती कोणत्या गटात बसते, हे नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत दिलेल्या मर्यादांशी ताडून, प्रयोगशाळेत तपासूनच ठरवावे लागते. ती चाचणी न करता सगळीच वाळू निरुपद्रवी म्हणून खड्ड्यात भरणे जितके चुकीचे, तितकेच सगळीच विषारी म्हणून ओरड करणेही चुकीचे. फौंड्री क्लस्टरने वाळू पुन्हा वापरात आणण्याचा सामायिक प्रकल्प उभारला, हे येथील उद्योजकांच्या शहाणपणाचे लक्षण आहे. एकट्याला न परवडणारे काम दहा जणांनी मिळून करावे, हा सहकाराचा धडा या जिल्ह्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

खरी चिंता न दिसणाऱ्या कचऱ्याची आहे. हुपरीचे उदाहरण घ्यावे. रौप्यनगरी म्हणून तिची कीर्ती देशभर आहे. तिथल्या घराघरांत पैंजण, जोडवी, करदोटे घडतात. चांदीच्या बाबतीत तिथला कारागीर इतका दक्ष, की कामाच्या जागेची माती आणि केरही फेकला जात नाही. झारेकरी तो विकत घेतो आणि त्यातून चांदीचा कण न् कण वेगळा काढतो. पुनर्वापर हा शब्द सरकारी परिपत्रकांत येण्यापूर्वी शेकडो वर्षे ही विद्या आपल्याकडे नांदत होती. पण ज्या आम्लात दागिना उजळतो, ज्या सायनाइडयुक्त द्रावणात त्याला मुलामा चढतो, त्याचे काय? ते निकामी झाले की त्याला भाव उरत नाही, आणि ज्याला भाव नाही ते मोरीतून गटारात जाण्याची शक्यता सर्वाधिक. धातूच्या पृष्ठभागावरील प्रक्रिया आणि मुलाम्यातून उरणारे असे अवशेष पहिल्या अनुसूचीत बाराव्या क्रमांकावर नोंदलेले आहेत. आम्ल आणि सायनाइड एकत्र आले तर निघणारा वायू प्राणघातक असतो. त्या गटारात उतरणारा माणूस ना कारखान्याचा नोकर असतो, ना कोणाच्या हजेरीपटावर.

आता लहान उद्योजकाच्या जागी उभे राहून पाहावे. त्याच्या कार्यशाळेतून महिन्याला समजा अर्धे पिंप गाळ निघतो. नियम सांगतात की, मंडळाकडून प्राधिकारपत्र घ्यावे. कचरा नव्वद दिवसांहून अधिक साठवू नये. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा करणाऱ्या लहान उद्योगांना मंडळ ही मुदत एकशे ऐंशी दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते. प्रत्येक पिंपावर ठरलेल्या नमुन्याची चिठ्ठी लावावी. नोंदवही ठेवावी. कचरा पाठवताना सात रंगांच्या सात प्रतींतले पाठवणीपत्र भरावे, म्हणजे पाठवणारा, वाहतूकदार, घेणारा आणि मंडळ या सर्वांपाशी हिशेब राहील. दरवर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक विवरण सादर करावे. यातली एकही गोष्ट अवास्तव नाही. पण राज्यात अशा कचऱ्याची विल्हेवाट लावणारी सामायिक केंद्रे आहेत तळोजे, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे. त्यांपैकी कोल्हापूरकराला जवळचे रांजणगाव, तेही पुण्यापलीकडे, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. अर्ध्या पिंपासाठी तो स्वतंत्र गाडी करणार आहे काय? मोठा कारखाना करतो, त्याच्याकडे त्यासाठी वेगळा अधिकारी असतो. लहान माणूस दोनच गोष्टी करू शकतो. एकतर पिंप आवाराच्या कोपऱ्यात, भिंतीआड, वर्षानुवर्षे ठेवून देतो, नाहीतर रात्री कोणाच्या तरी ट्रॉलीत चढवून मोकळा होतो. दोन्ही गोष्टी गुन्हाच आहेत. पण त्याला तिसरा मार्ग उपलब्ध करून देण्याचे काम कोणाचे होते?

ते काम राज्य सरकारचे होते आणि आहे. ही गोष्ट २०१६ च्या नियमांतच स्पष्ट लिहिलेली आहे, पण तिची चर्चा फारशी होत नाही. पाचवा नियम राज्याच्या जबाबदाऱ्या सांगतो. उद्योग विभागाने औद्योगिक वसाहतींमध्ये घातक व इतर कचऱ्याच्या पुनर्वापरासाठी, पूर्वप्रक्रियेसाठी जागा वा शेड राखून ठेवण्याची खात्री करावी. कामगार विभागाने या कामातल्या मजुरांची ओळख पटवून नोंदणी करावी, त्यांचे गट बांधण्यास साहाय्य करावे, त्यांना कौशल्य शिकवावे, त्यांच्या आरोग्यावर आणि सुरक्षिततेवर दरवर्षी लक्ष ठेवावे. राज्याने या सगळ्याची एकात्मिक योजना आखून केंद्राला वार्षिक अहवाल द्यावा. राज्याने नियम स्वीकारणे म्हणतात ते हेच. इथे विधानसभेचा ठराव लागत नाही, लागतो तो एक भूखंड, एक छप्पर, एक वजनकाटा आणि आठवड्यातून एकदा फिरणारी एक गाडी.

औद्योगिक विकास महामंडळ १९६२ पासून राज्यात जमिनी संपादित करून वसाहती उभारीत आले आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या तीन वसाहती या एका जिल्ह्यात आहेत. या प्रत्येक वसाहतीत अशी राखीव जागा कोणती, तिथे लहान उद्योगांचा कचरा गोळा होतो काय, कचरा हाताळणाऱ्या किती मजुरांची नोंदणी झाली, असे तीन सरळ प्रश्न आहेत. ते उद्योजक संघटनांनी विचारावेत, लोकप्रतिनिधींनी सभागृहात विचारावेत आणि माहितीच्या अधिकाराखाली सामान्य नागरिकानेही विचारावेत. उद्योजकांच्या बैठकांत मंडळाच्या अधिकाऱ्यांविषयी तक्रारी पुष्कळ होतात, आणि त्यांतल्या काही खऱ्याही असतात. उद्योग विभागाकडे पाचव्या नियमाची आठवण करून देणारे निवेदन मात्र क्वचितच जाते.

शिक्षेविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. पर्यावरण अधिनियमात पूर्वी पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती बदलली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंतचा दंड आला. लहान उद्योजकाच्या डोक्यावरची तुरुंगाची टांगती तलवार दूर झाली, हे चांगलेच झाले. त्या तलवारीचा उपयोग पुष्कळदा भलत्याच कामासाठी होत असे. पण आता दंड ठरवणारा अधिकारी खरोखर दंड ठरवील की नाही, आणि मोठ्या कारखान्याला पंधरा लाख म्हणजे किरकोळ खर्च वाटेल की काय, ही शंका राहते.

दंडाची कल्पना आपल्याला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या व्यवस्थेचे जे प्रकरण आहे, त्यात रस्त्यावर केर-माती टाकणाऱ्याला पणाचा आठवा भाग दंड सांगितला आहे, चिखलपाणी साचवणाऱ्याला पाव पण, आणि राजमार्गावर हेच केले तर दुप्पट. पवित्र स्थाने, पाणवठे, देवालये इथे घाण करणाऱ्याला त्याहून चढत्या क्रमाने दंड. घाण कोणती आहे यापेक्षा ती कुठे टाकली यावर दंड वाढतो, हे त्यातले तारतम्य विशेष लक्ष देण्याजोगे आहे. पाणवठ्याला त्याने देवालयाच्या पंक्तीला बसवले.

आपला पाणवठा म्हणजे पंचगंगा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांचा संगम होऊन ती कोल्हापूरला येते, शहराचे जयंती नाल्यासारखे नाले पोटात घेते, इचलकरंजीवरून जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. पावसाळ्यात पाणी चढले की वाडीला दक्षिणद्वार सोहळा होतो. दत्तपादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्नान करण्यासाठी हजारो भाविक दाटी करतात. त्या पाण्याला पंचगंगेच्या काठावरची प्रत्येक वसाहत, प्रत्येक गटार, प्रत्येक उघड्यावरचे पिंप स्पर्शून आलेले असते. श्रद्धावान माणसाने हा विचार करून स्नान टाळावे, असे म्हणण्याचा हेतू मुळीच नाही. उलट, वरच्या अंगाला राहणाऱ्या श्रद्धावानाने खालच्या अंगाच्या भाविकाचा विचार करून आपल्या आवारातले पिंप सांभाळावे, इतकेच म्हणणे आहे.

महापुराने तर हा प्रश्न आणखी निकडीचा केला आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर विसरता येण्यासारखे नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि काही दिवस वाहतूक बंद राहिली. अशा वेळी कोपऱ्यातली, चिठ्ठी नसलेली, झाकण सैल झालेली पिंपे कुठे जातात? पूर ओसरल्यावर शेतात, काठावरच्या बाभळीत अडकलेले पिंप ज्याला सापडते, तो ते धुऊन घरी नेतो. अंगणातल्या पिंपाचा हाही एक रस्ता आहे.

घरगुती पातळीवर करण्यासारखे फार अवघड नाही. पाण्यासाठी पिंप घ्यायचे तर नवे, अन्नपदार्थांसाठी बनवलेले घ्यावे. गाडीचे तेल बदलून घेताना जुने तेल कुठे जाते, हे गॅरेजवाल्याला विचारावे. निकामी बॅटरी परत घेणाऱ्या दुकानदारालाच द्यावी.

आणि कारखानदारांसाठी एक तारखेची गोष्ट. वार्षिक विवरणाची मुदत ३० जून. त्या वेळी मृग सरून आर्द्रा लागलेल्या असतात आणि पंचगंगेचे पाणी वाढू लागलेले असते. म्हणून विवरण भरण्यासाठी जूनअखेरची वाट न पाहता मे महिन्यातच आवारातली पिंपे मोजावीत, त्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात, ती उंच जोत्यावर छपराखाली घ्यावीत. शेजारच्या पाच-सहा कार्यशाळांनी आपापले आकडे एका कागदावर आणले, तर रांजणगावला एक गाडी भरेल की नाही हे त्याच दिवशी कळेल. न भरली तर तोच कागद उद्योग विभागाला द्यायच्या निवेदनाला जोडावा.